साठ प्लेटचा हिशोब

हॉस्टेलवर पहिल्याच दिवशी रूममेटने विचारलं, "गाव कुठलं?" मी म्हटलं, "भोपाळ." तो जरा थांबला आणि म्हणाला, "मग मराठी कसं काय येतं तुला?" वर्षभरात हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता उत्तर पाठ झालंय. आणि मी उत्तर द्यायला लागलो की लगेच दुसरा प्रश्न येतो, "तू 'करून राहिलो', 'जाऊन राहिलो' असं का बोलतोस?"

दोन्हींचं उत्तर एकच आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी राज्यांची नवी रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नव्या मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ झाली. मग सरकारी फायली, कपाटं, टाइपरायटर आणि त्यांच्यामागे बसणारी माणसं, सगळं नागपूरहून भोपाळला निघालं. त्या माणसांत एक कारकून माझे आजोबा होते. त्यांना टी. टी. नगरमध्ये सरकारी क्वार्टर मिळालं. टी. टी. म्हणजे तात्या टोपे, हे आमच्या घरात दर पाहुण्याला अभिमानाने सांगितलं जायचं. पुढे आजोबा रिटायर झाले, आम्ही कोलार रोडला राहायला आलो, पण घरातली बोली नागपूरचीच राहिली. आणि खाणंही. म्हणजे मुख्यतः तर्री पोहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जाड पोहे वाफवून-फोडणी देऊन करायचे आणि त्यावर काळ्या चण्यांचा झणझणीत, पातळ रस्सा ओतायचा. रश्श्यावर जो लाल तेलाचा तवंग येतो, तीच तर्री. वरून कच्चा कांदा आणि लिंबू. भोपाळला पोहे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात, पण त्यांची जात वेगळी. त्यात बडीशेप असते, वरून शेव असते, आणि सोबत जिलबी. भोपाळचा माणूस सकाळी गोड आणि तिखट एकाच द्रोणातून खातो. आमची आजी पासष्ट वर्षं भोपाळला राहून या प्रकाराला 'शिरा-पोहे' म्हणते आणि नाक मुरडते.

तर, माझा धंदा या तर्री पोह्यांचा होता. मी भोपाळमध्ये सात महिने तो चालवला. त्याबद्दल लिही असं मंडळाच्या सगळ्यांनी सांगितलं, कारण त्यांना वाटतं की ती एक 'स्टार्टअप स्टोरी' आहे. तशी ती नाही. पण जे झालं ते सांगतो.

मी या कॉलेजात प्रवेश घेतला २०२० मध्ये, म्हणजे कॉलेज न बघताच. एफवाय अख्खं मोबाईलवर झालं. मोबाईलची काच कोपऱ्यातून तडकलेली, आणि सरांनी स्क्रीनवर ग्राफ दाखवला की माझा मागणी-वक्र नेमका त्या तड्यापाशी तुटायचा. बाबांचं एम. पी. नगरमध्ये झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. एम. पी. नगर म्हणजे भोपाळची कोचिंग क्लासची पेठ. क्लास बंद म्हणजे दुकान बंद. पहिल्या लाटेनंतर जरा कुठे शटर वर गेलं, तर एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली. जूनमध्ये बाबा एका रात्री जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "या वर्षी ड्रॉप घेतलास तर चालेल का रे? पुढच्या वर्षी बघू."

मी काही बोललो नाही. पण मला झोप लागली नाही. ड्रॉप घेतलेल्यांचं काय होतं ते मी बाबांच्या दुकानात बघितलेलं होतं. एक वर्ष म्हणून थांबलेली मुलं तिसऱ्या वर्षी काउंटरच्या आतल्या बाजूला उभी असतात.

आठवड्याने आईने घरी तर्री पोहे केले. समोरच्या आंटींना एक वाटी दिली. संध्याकाळी त्या वाटी परत द्यायला आल्या आणि म्हणाल्या, "ये तो आप बेचा करो, हम पैसे देके खाएँगे." बस्स. मी त्याच रात्री कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला: दर रविवारी सकाळी गरम नागपुरी तर्री पोहे, घरपोच, ३० रुपये प्लेट.

पहिल्या रविवारी अठरा ऑर्डर आल्या. चौथ्या रविवारी साठ.

मी सगळं नीट केलं, असं मला वाटत होतं. एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन काढलं. घरून खाद्यपदार्थ विकायचे असले तरी ते लागतं, आणि तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर फी फक्त १०० रुपये होती. फॉर्ममध्ये 'व्यवसायाचा मालक' असा रकाना होता. तिथे मी माझं नाव लिहिलं. चौदा आकडी नंबर आला, तो मी स्टेटसला ठेवला. पोहे आणि चणे जुमेरातीच्या ठोक बाजारातून आणले. मोठी वही घेतली, समास आखला, आणि पहिल्या पानावर हिशोब मांडला:

पोहे, चणे, तेल, कांदा, मसाला: १२ रुपये. डबी आणि चमचा: ३ रुपये. विक्री: ३० रुपये. नफा: १५ रुपये. साठ प्लेटचे ९००. महिन्याचे ३६००.

ही वही मी बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाले, "फॉर्म भर. ड्रॉप नको." तो दिवस मी विसरणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी मोठा झालो असं वाटलं.

पहिली गडबड गॅसची झाली. घरातलं सिलेंडर दीड महिना जायचं, ते चोविसाव्या दिवशी संपलं. शेजारचे काका मला म्हणाले, "को खाँ, लाल सिलेंडर पे धंधा कर रये हो? पकड़े गए तो?" मला तोवर माहीतच नव्हतं की घरगुती १४.२ किलोच्या सिलेंडरवर धंद्याचा स्वयंपाक करता येत नाही, त्यासाठी १९ किलोचं कमर्शियल घ्यावं लागतं, आणि ते बरंच महाग असतं. म्हणजे इतके दिवस माझ्या पोह्यांचा गॅस आईच्या घरखर्चातून जात होता. मी कमर्शियल सिलेंडर घेतलं आणि वहीत नवा रकाना पाडला: गॅस-पेट्रोल, दर रविवारी १५० रुपये. आता हिशोब पक्का झाला, असं मी समजलो.

ऑगस्टमध्ये अर्थशास्त्राच्या ऑनलाइन लेक्चरला राष्ट्रीय उत्पन्न हा विषय चालू होता. मॅडमनी पिगू या अर्थतज्ज्ञाचं ते प्रसिद्ध उदाहरण सांगितलं. एखाद्या माणसाने पगार देऊन घर सांभाळायला बाई ठेवली आणि पुढे तिच्याशीच लग्न केलं, तर ती काम तेच करते, पण पगार बंद होतो, म्हणून देशाचं राष्ट्रीय उत्पन्न तेवढ्याने कमी होतं. सगळ्यांनी चॅटमध्ये हसणारे चेहरे टाकले. मीही टाकला. मी तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात बसलो होतो, कारण रेंज तिथेच यायची. कानात इअरफोन होता. माझ्यासमोर आई खोबरं, धणे, खसखस भाजत होती, पुढच्या रविवारच्या मसाल्यासाठी. मी नोट्समध्ये लिहिलं: 'गृहिणीचे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जात नाहीत.' खाली रेघ मारली. टेस्टमध्ये हा प्रश्न आला आणि मला पैकीच्या पैकी मार्क पडले.

यावर मी जास्त काही बोलत नाही. तुम्हाला कळलंच असेल.

सप्टेंबरमध्ये आईचा लसीचा दुसरा डोस आला. सेंटरवर गर्दी असायची, म्हणून ती टाळत होती. शेवटी एका शनिवारी दुपारी मसाला वाटून, चणे भिजवून ती गेली आणि घेऊन आली. रात्री म्हणाली, "अंग जरा कसंतरीच होऊन राहिलंय." मी म्हटलं, "क्रोसिन घे ना. उद्या चौपन्न ऑर्डर आहेत." हे वाक्य मी बोललो. जसंच्या तसं लिहितोय, कारण नंतर मी ते मनातल्या मनात बरंच सुधारायचा प्रयत्न केला.

पहाटे चारला मला जाग आली ती स्वयंपाकघरात आवाज नव्हता म्हणून. एरवी त्या वेळी कढईचा आवाज यायचा आणि मी कूस बदलून सहापर्यंत झोपायचो. आत जाऊन बघितलं तर आईला १०२ ताप. बाबा कपाळावर पट्ट्या ठेवत बसलेले. आई उठायला लागली, बाबांनी हात धरून तिला बसवलं. मी म्हटलं, "मी करतो. काय त्यात!"

आजी काठी टेकत आली आणि स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली. ती सांगेल तसं मी करत गेलो. निदान तसा प्रयत्न केला. "तेल तापू दे. अजून. अजून रे. आता वाटण टाक. अरे पोट्ट्या, गॅस बारीक कर!" एवढ्यात वाटण खाली लागलं. करपल्याचा वास आला तरी मी वरून पाणी ओतलं, म्हटलं मिटेल. करपलेलं मिटत नसतं, सगळ्या रश्श्यात उतरतं. दुसरीकडे पाच किलो पोहे मी एकदमच भिजवले होते, त्यांचा गोळा झाला. साडेसहाला आजीने चमच्याने तर्री चाखली आणि चमचा खाली ठेवला. काही बोलली नाही. आजी बोलली नाही म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना कळतं.

मी चौपन्न जणांना मेसेज केला: आज ऑर्डर कॅन्सल. बहुतेकांनी 'कोई बात नहीं' म्हटलं. एकाने लिहिलं, "घर पे मेहमान बैठे हैं, प्रोफेशनल बनो यार." मला राग आला आणि मग लक्षात आलं की तो बरोबर बोलतोय. धंदा माझ्या नावावर, नंबर माझ्या नावावर, वही माझ्या अक्षरात. आणि एक माणूस तापाने झोपला तर माझ्याकडे विकायला एक प्लेट नव्हती. मी काय करत होतो नेमकं? मेसेज टाकत होतो आणि ॲक्टिव्हावरून डबे पोचवत होतो. ते मी 'बिझनेस' समजत होतो, आणि आई करत होती ते 'मदत'.

त्या आठवड्यात मी एक काम केलं. कॉलनीत दोन घरी स्वयंपाक करणाऱ्या एक दीदी आहेत, त्यांना विचारलं की साठ प्लेट तर्री पोहे करून द्यायचे तर तुम्ही किती घ्याल. कामं सांगितली: शनिवारी चणे निवडून भिजवणं, मसाला भाजणं-वाटणं. रविवारी पहाटे चार ते नऊ स्वयंपाक, मग भांडी. त्या हसल्या. "भैया, सुबह चार बजे? घर का खाना बनाना अलग बात है, ये तो कारखाना है." मग बोटांवर मोजून म्हणाल्या, शनिवारचे दोनशे, रविवारचे चारशे.

घरी येऊन मी वही उघडली. रविवारचा नफा ९००. गॅस-पेट्रोल १५०. राहिले ७५०. दीदींच्या हिशोबाने मजुरी ६००. उरले १५०.

म्हणजे मी ज्याला माझा नफा म्हणत होतो, त्यातला बहुतेक भाग आईची न दिलेली मजुरी होती. माझ्या हुशारीचे, व्हॉट्सॲप मेसेजचे आणि त्या चौदा आकडी नंबराचे मिळून दीडशे रुपये.

मी आईला सांगितलं की या रविवारपासून तुला सहाशे रुपये. तिने आधी ते हसण्यावारी नेलं. "आईला पगार देणार? मग पीएफ पण काप." मी ऐकत नाही म्हटल्यावर जरा चिडली. "घरच्या घरात कसले पैसे रे? मी काय परकी आहे?" बाबा गप्प. मग खुर्चीतून आजी बोलली, "घे तू. नाही म्हणू नको. मी चाळीस वर्षं क्वार्टरमध्ये लोकांची लोणची-पापड करून दिली. सगळे म्हणाले, वहिनींच्या हाताला चव आहे. चवीचं मला एक लुगडं नाही आलं."

आईने सहाशे रुपये घेतले. त्यातली पन्नासची एक नोट परत दिली आणि म्हणाली, "ही फाटकी आहे, बदलून आण." तेव्हा मला बरं वाटलं.

पण मजुरी द्यायची तर भाव वाढवावा लागणार. ३० ची प्लेट ४० केली. ग्रुपवर लगेच सुरू झालं: बाहेर तर पोहे-जिलबी अर्ध्या किमतीत मिळते, घरचंच तर आहे, इतके कशाला? 'घरचंच तर आहे' हे वाक्य मी आता नीट ऐकायला शिकलो होतो. त्याचा अर्थ असा, की घरात कोणीतरी फुकट केलंय, मग आम्हालाही ते फुकटातच द्या. साठाच्या चाळीस प्लेट झाल्या. चाळीस गुणिले चाळीस, सोळाशे. माल ६००, आई ६००, गॅस-पेट्रोल १५०. माझे अडीचशे. पहिल्या पानावरच्या ९०० पुढे हा आकडा केविलवाणा दिसत होता, पण हा खरा होता. आणि गंमत म्हणजे माझ्या वाट्याला दीडशेच्या जागी अडीचशे आले होते, आणि आईला वीस प्लेट कमी कराव्या लागत होत्या.

डिसेंबरमध्ये मला जुना लॅपटॉप घ्यायचा होता. पाच हजार कमी पडत होते. आईने तिच्या डब्यातून काढून दिले, पण आधी वही मागितली. स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'उधार दिले ५०००. परत घ्यायचे आहेत.' खाली माझी सही घेतली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये कॉलेज उघडलं आणि मी मुंबईला आलो. मला वाटत होतं, आई धंदा पुढे चालवेल. सगळं तिलाच तर येत होतं. मी फोनवर विचारलं तर म्हणाली, "नाही बाबा. पैसे मिळाले ते छान झालं. पण मला रविवारी झोपायचंय." मी समजावू लागलो की ग्राहक बांधलेले आहेत, आता सोडणं बरोबर नाही. मग मीच थांबलो. मजुरी मोजली जायला लागली की माणसाला 'नाही' म्हणायचीही सोय होते, एवढं तर मला कळायला हवं होतं.

इथे आल्यावर अभ्यासात दोन संस्थांबद्दल वाचलं. आपल्या मुंबईतल्या गिरगावात १९५९ मध्ये सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ते लिज्जत. तिथे पापड लाटणारीला नोकर म्हणत नाहीत, ती सभासद आणि मालक असते, आणि लाटण्याची मजुरी म्हणजे 'वणाई' तिला मिळते. दुसरी, अन्नपूर्णा महिला मंडळ. गिरणगावात कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार ज्या बायकांच्या खानावळीत जेवायचे, त्या बायका स्वतः मात्र वाण्याच्या उधारीत बुडालेल्या असायच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांना एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. परीक्षेसाठी हे 'महिला सक्षमीकरण' या मथळ्याखाली येतं. मला मात्र वाचताना आजीची लोणची आठवत होती. हाताला चव त्यांच्याही होतीच. फरक एवढाच, की तिथे कोणीतरी मजुरीचा रकाना पाडला.

मंडळातल्या दोघा-तिघांना घरून काहीतरी सुरू करायचंय, ते मला विचारतात. कोणी केक, कोणी मोदक, कोणी उकडीचं पीठ. मी त्यांना रजिस्ट्रेशन, सिलेंडर, डब्यांचा भाव सगळं सांगतो. आणि एक विचारतो: पदार्थ कोण करणार? "आई करेल ना," असं उत्तर आलं, तर म्हणतो, मग आधी बाहेर विचारून ये, तेवढ्याच कामाचे दुसरं कोणी किती घेईल. तो आकडा वहीत लिही. मग सांग नफा किती.

माझं रजिस्ट्रेशन एका वर्षाचं होतं, जुलैमध्ये संपलं. मी ते पुन्हा काढलं नाही. पण दिवाळीला घरी गेलो तेव्हा ओट्यावर छोट्या पाकिटांची रांग दिसली. तर्री मसाला, १०० ग्रॅम. आईने पोहे सोडले होते, मसाला नाही. तो बुधवारी दुपारी करता येतो, पहाटे उठावं लागत नाही, आणि दमलं तर पुढच्या बुधवारी. त्या स्वयंपाकाच्या दीदी वाटायला येतात आणि ठरलेले पैसे घेतात. पाकिटावर लेबल होतं, किंमत होती, नवा चौदा आकडी नंबर होता, आणि खाली बारीक अक्षरात निर्मातीचं नाव. आईचं. पूर्ण नाव.

मी दोन पाकिटं हॉस्टेलसाठी बॅगेत टाकली. आई म्हणाली, "वहीत लिही आधी." मी वही उघडली. माझ्या नावापुढे अजून दोन हजार बाकी होते. त्याखाली लिहिलं: मसाला, दोन पाकिटं.